डाल्याखालचं पाऊल

दिनांक १२ मार्च १९८१, वार गुरुवार, सकाळचे नऊ. हजर: अंगणात गर्दी आवरणारे पोलीस पाटील, मागचं दार बाहेरून ओढून धरलेला कोतवाल, शेषराव जमादार आणि पुढच्या दाराबाहेर उभा त्यांचा एक शिपाई, पंच म्हणून गावातला किराणा दुकानदार आणि मी, गावचा ग्रामसेवक. दुकानदाराला रक्त पाहवत नव्हतं, म्हणून तो उंबऱ्याबाहेर पाठ करून उभा राहिला आणि शेवटपर्यंत आत आला नाही. घरचे तिघे: मयत सुभद्राबाई, चाळिशीची, विधवा, तिची म्हातारी सासू, उशाशी जमिनीवरच बसलेली, आणि दीर किसन, ओट्यावरच्या खांबाला टेकून बसलेला.

म्हातारी आदल्या दिवशी किसनच्या घरी मुक्कामाला होती. सकाळी परतली तेव्हा सून चुलीपुढे पालथी पडलेली दिसली, शेजारी वरवंटा. घरातली वस्तू एकही गेलेली नव्हती. कोणाशी भांडण झाल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. गावाला एवढंच ठाऊक होतं की सुभद्राबाईच्या नावावर तीन एकर जमीन आहे आणि तिच्यामागे ती किसनकडे जाणार.

शेषराव जमादारांना मी तोवर बोरीच्या बाजारात तीन-चारदा पाहिलं होतं. उंच माणूस, सायकल मात्र ठेंगणी. चालवताना गुडघे दोन्ही बाजूंना फेकले जायचे आणि पोरं मागून हसायची. शाळा निजामाच्या अमलात उर्दूतून झालेली, त्यामुळे बोलण्यात ‘यकीन’, ‘बयान’, ‘तसदी’ हे शब्द सहज येत. सगळ्या बायांना ते ‘माय’ म्हणत आणि चोरालाही अहो-जाहो करत. त्यावरून ठाण्यात त्यांची टिंगल चाले. “जमादार आरोपीला चहा पाजून विचारतात, की बाबा, सवड असली तर कबूल व्हा,” असं एक शिपाई त्यांच्यासमोरच म्हणायचा. ते म्हणायचे, “व्हतात की. निम्मे तरी व्हतात.”

त्या दिवशी त्यांनी आधी बूट काढले. “मयताच्या घरात सरकारी बूट कशाला,” म्हणाले. मग सुभद्राबाईशेजारी उकिडवे बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “माय, जरा तसदी देतो तुला.” मेलेल्या बाईची परवानगी मागणारा पोलीस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

मागच्या दाराकडे जाताना ते थबकले.

“भाऊसाहेब, हिकडं या. वाका. काय दिसायलंय?”

“पाऊल.”

“कंचं?”

“उजवं.”

“बोटं मोजा. मोठ्यानं मोजा.”

मी मोजली. पाच. रक्तात बुडून उमटलेलं अनवाणी पाऊल, तोंड मागच्या दाराकडे. टाच अर्धवट होती, पण बोटं पाचही वेगवेगळी दिसत होती. घरात आमच्याआधी म्हातारीच काय ती आली होती, आणि ती पुढच्या दाराने येऊन तिथेच बसली होती. जमादारांनी हात जमिनीला न लावता वरूनच मापलं. एक वीत आणि दोन बोटं. मग त्यांनी ओट्यावर बसलेल्या किसनच्या पायांकडे नजर टाकली. किसनच्या उजव्या पायाची शेवटची दोन बोटं लहानपणीच बैलगाडीच्या चाकाखाली गेली होती. गावात शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं.

“चला,” जमादार माझ्या कानाशी म्हणाले, “कोन हाय ते न्हाई कळलं. कोन न्हाई ते तर कळलं.”

कोपऱ्यात कोंबड्या झाकायचं बांबूचं डालं होतं. ते त्यांनी त्या पावलावर पालथं घातलं. फौजदार आणि फोटोग्राफर दुपारपर्यंत यायचे होते. दहाच्या सुमाराला प्रेत बैलगाडीत घालून शिपायाबरोबर तपासणीसाठी जिंतूरला गेलं. म्हातारी मात्र जागची उठेना. लुगडं रक्ताने ताठ झालेलं, आणि ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती.

“बाबा, लक्ष्मी गेली घरातली. जागा अशीच ठिवू व्हय? सारवू दे रं बाबा.”

जमादारांनी डाल्याकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. “सारवा माय,” ते म्हणाले. “पर त्या डाल्याला हात लावू नका कोनी.”

आम्ही ओट्यावर बसून जबाब लिहायला लागलो. जमादारांनी दोनदा मान वळवून आत पाहिलं. डालं दिसत होतं.

दुपारी फौजदार आले. जमादारांनी त्यांना आत नेलं, “साहेब, पाऊल मिळालंय,” म्हणाले आणि डालं उचललं. खाली ओलं शेण, त्यावर ज्वारीच्या पिठाचा पातळ थर आणि मधोमध मिणमिणती पणती. आमच्याकडे माणूस गेलं की ती जागा सारवून पीठ पसरतात, दिवा ठेवून टोपलं झाकतात आणि दुसऱ्या दिवशी पिठावर कशाचं पाऊल उमटलं ते बघतात. गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला ते त्यावरून समजतात. गल्लीतल्या बायांनी सगळा खण सारवून घेतला होता आणि झाकायला घरात होतं ते डालं घेतलं होतं. ते दोन हात सरकलं होतं, एवढंच ओट्यावरून आम्हाला कळलं नव्हतं.

“डाल्याला हात लावू नका म्हणलो होतो न माय मी?” जमादार हातात डालं धरूनच म्हणाले.

“हात कुठं लावला?” एक शेजारीण म्हणाली. “काठीनं सरकिवलं की. तुमी म्हणला म्हून कुनी शिवलं सुदीक न्हाई.”

फौजदार फोटोग्राफरकडे वळून म्हणाले, “काढा, पिठाचा काढा फोटो. उद्या चिमणी आली तर तिला अटक करू.”

पंचनामा माझ्या अक्षरात आहे. जमादारांनी पावलाची गोष्ट सांगितली, मीही होकार भरला. फौजदारांनी पेन माझ्या हातात देऊन सांगितलं, “जागेवर जे आहे ते लिहायचं. जे नाही ते लिहिलं तर कोर्ट विचारेल, पुसलं कोणी. मग जमादार घरी बसतील. बसवायचंय का त्यांना घरी?” मी लिहिलं: ‘जमीन शेणाने सारवलेली आढळली. इतर खुणा आढळल्या नाहीत.’ खाली सही केली. दुकानदाराने बाहेर उभ्या-उभ्या केली.

किसनला आठ दिवस ठाण्यात ठेवून घेतलं. तो परत आला तेव्हा भिंतीला हात लावत घरापर्यंत गेला. पुरावा नव्हता म्हणून खटला भरला नाही, आणि वर्षभराने कागद ‘ए समरी’ म्हणून बंद झाले. म्हणजे गुन्हा खरा, आरोपी मिळून आला नाही. गावाने त्याचा अर्थ वेगळा लावला: किसनने पैसे चारले. खटला झाला असता तर तो निर्दोष तरी सुटला असता. आता त्याला सोडवणारं कोणीच नव्हतं, कारण कोणी धरलेलंच नव्हतं.

हे सगळं जमादारांनी स्वतःवर घेतलं. पुढची सहा वर्षं हा माणूस लोकांचे पाय बघत हिंडला.

बाजारच्या दिवशी चांभाराच्या पालाशी बसायचे. वहाण शिवायला गिऱ्हाईक पाय पुढे करी, तेव्हा यांची नजर त्या पायावर. देवळापुढे, मशिदीपुढे, लग्नाच्या पंगतीत, पूर्णेच्या फलाटावर. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, त्यामुळे नव्या माणसाला वाटायचं जमादार लाजाळू आहेत. हॉटेलात ते शिरले की बाकड्यांवरची माणसं पाय वर घेऊन मांडी घालायची. “जमादार, माझं माप घेतलं व्हतं बरं का पोळ्याला,” असं कोणी चेष्टेने ओरडलं की ते खरंच आठवून सांगायचे, “तुमचं एक बोट जास्त भरलं व्हतं. तुमी न्हाई.” आपली वीत हेच त्यांचं माप. कागदावर काही नव्हतं. मी म्हटलं, निदान चित्र तरी काढून ठेवा. त्यांनी काढलं. चार महिन्यांनी आणखी एक काढलं. दोन्ही शेजारी ठेवली तर दोन वेगळ्या माणसांचे पाय होते. त्यांनी दोन्ही फाडून टाकली.

त्यांना सलग तपास करायला कधीच मिळाला नाही, हेही लिहिलं पाहिजे. अठ्ठ्याहत्तरपासून विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटलेला. मोर्चा निघाला की बंदोबस्त, विरोधातला मोर्चा निघाला की पुन्हा बंदोबस्त. परभणीला जा, औरंगाबादला जा. परत येईपर्यंत इथला धागा सुटलेला असायचा. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. “तिकडं जित्ती माणसं हायेत,” एवढंच म्हणायचे.

ग्रामपंचायतीला टीव्ही मिळाला तेव्हा त्याची किल्ली माझ्याकडे असे. त्यात एक गुप्तहेराची मालिका लागायची. जमादार ठाण्यातून सायकल मारत ती बघायला यायचे आणि सतरंजीवर पोरांच्या मागे बसायचे. अर्ध्या तासात खुनी सापडला की पोरं टाळ्या वाजवत. जमादार माझ्याकडे वळून म्हणत, “भाऊसाहेब, अर्ध्या घंट्यात आपल्याला पंच बी मिळत न्हाईत.” एकदा त्या गुप्तहेराने चिखलातल्या पावलावर पांढरं काहीतरी ओतून साचा काढला. जमादार उठले, सायकल घेऊन गेले. त्यानंतर ते टीव्हीला आले नाहीत.

किसनची थोरली मुलगी मंगल. तिचं वय झालं, स्थळं यायची, ओट्यावर चहा घ्यायची आणि निरोप पाठवायची की पत्रिका जुळत नाही. शेवटी पूर्णेचं एक स्थळ आलं. मुलगा रेल्वेत खलाशी. बोलणी जवळजवळ ठरली आणि मग कोणीतरी तिकडे सुभद्राबाईची गोष्ट पोचवली. जमादारांना कळलं तसे ते माझ्याकडे आले.

“चला पूर्णेला. मी सांगतो त्यांना. मी तपासाला व्हतो, माझ्यापेक्षा जास्त कोनाला माहीत हाय?”

“साध्या कपड्यात चला,” मी म्हणालो.

“साध्या कपड्यातल्या मानसावर यकीन कोन करील?”

त्यांनी इस्त्रीचा गणवेश घातला, पट्टा घासला, बूट चमकवले. परभणीहून आम्ही गाडीने गेलो. रेल्वेच्या चाळीत ते शिरले आणि दारादारांतून बायका आत पळाल्या. मुलाचा बाप, गाडीच्या डब्यांना तेल घालणारा साधा माणूस, हात जोडूनच बाहेर आला. जमादारांनी त्याला पाऊण तास समजावलं. किसनराव सज्जन आहेत, गुन्ह्याशी त्यांचा संबंध नाही, माझी जबानी आहे, पोरगी गुणी आहे. बाप प्रत्येक वाक्याला “व्हय साहेब, व्हय साहेब” म्हणत होता. जमादार खूश होऊन पाणी प्यायला आत गेले, तेव्हा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “मालक, तुमी शिकलेले दिसताव. पोरीच्या बापाचं चांगलं सांगायला पोलीस यायलाय, म्हंजे कायतरी असंलच न? आजवर कुना व्याह्याचं सांगायला पोलीस आला काय?”

परतीच्या गाडीत मी हे जमादारांना सांगितलं नाही. त्यांनी मला केळी घेऊन दिली. आठ दिवसांनी नकार आला. मंगल पुढे एका बिजवराला दिली. त्याला आधीची दोन लेकरं होती. लग्नाला जमादार आले तेव्हा किसन त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, “जमादार, तुमचं लय उपकार हायेत. पर आता आमच्या दारात येत जाऊ नका.”

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात येलदरीचं पाणी खूप मागे हटलं होतं. जमादार कसल्याशा चोरीच्या कामासाठी धरणावर गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दारात उभे. दाढी वाढलेली, डोळे लाल.

“मिळालं.”

मी कामं टाकून गेलो. पाणी ओसरलेल्या चिखलात मासेमारांच्या पावलांची रांग वाळून पक्की झाली होती. जमादारांनी एका पावलावर वीत ठेवली, मग दोन बोटं. बरोबर बसलं. उजवं, पाच बोटं, मधली दोन एकमेकांपासून फाकलेली. मला विचारलं, “हेच न?” मला खरं सांगायचं तर सहा वर्षांपूर्वी मी बोटं फक्त मोजली होती. मी म्हणालो, “असेल.”

तो माणूस जाळ्यावर रोजाने असायचा. सगळे त्याला बाबू म्हणत, आडनाव कोणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी तो मासळी घेऊन बाजाराला गेला होता. जमादार म्हणाले, उद्या सकाळी येऊन गाठतो. ठाण्यात पोचले तर हुकूम तयार: मोर्चाचा बंदोबस्त, आजच निघा. त्यांनी नव्या फौजदारांना सगळं सांगितलं. फौजदार म्हणाले, “बंद झालेला गुन्हा, पुसलेलं पाऊल आणि आडनाव नसलेला माणूस. जमादार, तुम्ही जीपमध्ये बसा.” अकरा दिवसांनी ते येलदरीला गेले तेव्हा बाबू निघून गेला होता. कोणी सांगितलं आंध्रात, कोणी सांगितलं उजनीला.

त्यानंतर काही महिन्यांनी ते माझ्या कार्यालयात आले आणि जे बोलले ते मला अजून नको वाटतं.

“भाऊसाहेब, आता डोळे मिटले की येलदरीचाच पाय दिसतो. सुभद्रामायच्या घरातला दिसना झालाय. ह्याच्यानं तो झाकून गेला. आता समोर खराखुरा माणूस आला तरी मला वळखू येनार न्हाई.”

तेव्हापासून त्यांचं पायांकडे बघणं थांबलं. बाजारात ते वर, दुकानांच्या पाट्यांकडे बघत चालायचे. लोक म्हणाले, जमादार सुधारले.

त्र्याण्णवला ते निवृत्त झाले. दोन-चार महिन्यांत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. बंदोबस्त सुटला, तेव्हा नोकरीही सुटली होती. मी तोवर तालुक्याला पंचायत समितीत आलो होतो. एके दिवशी ते माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“खुनी आता मिळत न्हाई. ते सोडा. पर किसनची धाकटी, संगीता, लग्नाला आलीय. पुन्ना तेच व्हयलंय. पाऊल पाह्यलं ते दोघांनीच, मी आन् तुमी. माझ्या बोलन्याला आता कोन इचारतंय? पूर्णेला जाऊन काय झालं ते कळलं मला मागून. तुमी पंच हाव. सरकारी मानूस हाव. एक कागद लिवा. पाऊल व्हतं, बोटं पाच व्हती, सारवा म्हून मी सांगितलं, माझी चूक. खाली सही करा. कोर्टात न्हाई द्यायचा. किसनला द्यायचा. आल्या पाव्हन्याला दाखवंल.”

मी म्हणालो, लिहितो. त्यांनी माझ्याकडून कधी काही लिहून मागितलं नव्हतं. पंचनाम्यात ‘इतर खुणा आढळल्या नाहीत’ असं लिहून मीच सही केली आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि माझी आठ-दहा वर्षं नोकरी राहिली आहे हेही. त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. उलट जाताना म्हणाले, “घाई न्हाई. सवड काढून लिवा.”

त्यानंतर दोनदा आले. दोन्ही वेळा मी बैठकीत होतो. एकदा खरोखर होतो.

शेवटचे दिसले ते जिंतूरच्या बस स्थानकात. परभणीला दवाखान्यात चालले होते. पावलं सुजून एवढी झाली होती की वहाणांचे अंगठे कापून घातले होते. बसमध्ये चढताना त्यांनी दांड्याला धरून एक पाय उचलला, मग हाताने दुसरा उचलून घेतला. खिडकीशी बसले आणि मी दिसताच हसले.

“लिवलं का भाऊसाहेब?”

“या महिन्यात नक्की.”

त्यांनी मान हलवली. ती मान मी ओळखत होतो. आरोपी ‘मी तिथं नव्हतोच साहेब’ म्हणाला की ते अशीच हलवायचे, रागावल्याशिवाय, पुढचा प्रश्न न विचारता. बस निघाली. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलाचं पत्र आलं.

संगीताचं वय एकोणीस आहे. दिवाळीनंतर किसनकडे सेलूचे पाहुणे येणार आहेत, असं गावचा कोतवाल परवा सांगून गेला. मी हे सगळं चार दिवस बसून लिहून काढलं. पण हे किसनच्या उपयोगाचं नाही. यात गावाचं नाव नाही, माणसांची नावं बदललेली आहेत आणि खाली सही नाही. गावाचं, किसनचं आणि माझं खरं नाव असलेला तो एक कागद अजून लिहायचा आहे.